मेंदूचा अतिवापर

माझा मेंदू सामान्य आहे. ही फुशारकी नव्हे. तसा शासकीय दाखला माझ्याकडे आहे. तो मी लॅमिनेट करून बाहेरच्या खोलीत, आत येणाऱ्याची पहिली नजर पडेल अशा उंचीवर लावला आहे. ‘सदर इसमाच्या मेंदूची तपासणी केली असता तो सर्व बाजूंनी सामान्य आढळला. त्यात विशेष असे काहीही आढळून आले नाही.’ खाली मेंदूतज्ज्ञांची सही, गोल शिक्का आणि मापन : साडेबारा. सामान्य मेंदूची अधिकृत मर्यादा अकरा ते चौदा. म्हणजे मी अगदी मधोमध बसतो. ऑफिसात हे सांगितलं तेव्हा आमचे हेडक्लार्क म्हणाले, “आम्हांला कधीच शंका नव्हती.” असा विश्वास टाकणारी माणसं हल्ली कुठे मिळतात?

बायकोला मात्र त्यातलं दुसरं वाक्य आवडत नाही. पाहुणे आले की ती त्यावर कॅलेंडर टांगते.

पूर्वी माणूस मेंदूच्या डॉक्टरकडे कधी जायचा? झटका आला, तोंड वाकडं झालं, अंगाची एक बाजू गेली, तरच. तो काळ मागासलेला होता. आता शास्त्र पुढे गेलं आहे. शाळेत प्रवेश हवा, मेंदू दाखला. नोकरी हवी, मेंदू दाखला. भाडेकरूच्या मेंदूचा फोटो उजेडाकडे धरून घरमालक आता सांगतो की हा माणूस भिंतीला खिळे ठोकणार. सकाळी फिरायला जाणारे लोक एके काळी एकमेकांची साखर विचारायचे, आता डावा भाग विचारतात. “तुमचा डावा कसा आहे?” “बरा आहे, पण उजवा जरा आळशी आहे म्हणाले.” बायकोचा वाढदिवस विसरलेल्या नवऱ्याला तीन दिवसांत विस्मरण दाखला आणता येतो. तो खरोखरच विसरला होता, मुद्दाम केलं नाही, असं त्यात प्रमाणित केलेलं असतं. दाखला दाखवल्यावर प्रकरण जास्त चिघळतं असं अनुभवी नवरे सांगतात, पण तो शास्त्राचा दोष नाही.

एवढी सोय झाल्यावर सगळं सुरळीत चाललं होतं. मध्ये आली आत्या.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची सख्खी बहीण. वय एकाहत्तर. जिन्याखाली तिचं कुलूप-किल्ल्यांचं दुकान आहे. एकाने श्वास रोखून धरला तर त्यात दोन माणसं उभी राहतात. सेहेचाळीस वर्षं ती तिथे बसून गावाची अडलेली कुलपं उघडून देते. अंघोळीला निघालेला माणूस टॉवेलवर घराबाहेर अडकला तर आधी आत्याला फोन करतो, मग देवाला. आत्याची एकच वाईट खोड आहे. ती प्रत्येक गोष्टीत डोकं घालते. आणि मला लहानपणापासून ठोंब्या म्हणते. लाडाने.

एके दिवशी तिला पत्र आलं. ‘ज्या व्यवसायात दुसऱ्याच्या मालमत्तेस हात लागतो, त्या व्यवसायाच्या परवान्याचे नूतनीकरण यापुढे मेंदू-योग्यता दाखल्याशिवाय होणार नाही.’ पत्र घेऊन आत्या आमच्याकडे आली.

“ठोंब्या, ह्यांना माझ्या डोक्यात काय बघायचंय?”

“काही नाही गं. साधी तपासणी असते. टोप घालतात, पाच मिनिटं बसवतात, आकडा काढतात.”

“आणि आकडा नाही जमला तर?”

“तर परवाना रद्द.” मी नियम सांगितला. नियम सांगताना माझा आवाज आपोआप गंभीर होतो.

“दुकान गेलं तर मी दिवसभर करू काय?” ती म्हणाली. “तुझ्याकडे येऊन तुझा दाखला वाचत बसू?” हे ती हसत म्हणाली, पण हातातल्या किल्ल्यांच्या जुडग्यावरून तिचा अंगठा सारखा फिरत होता. ती घाबरली की असं करते.

म्हणून मी रजा टाकली आणि तिला घेऊन मेंदू-योग्यता कार्यालयात गेलो.

कार्यालय फार नेटकं आहे. लांब व्हरांडा, पाच खिडक्या, भिंतीला टेकून एक बाक. बाकावर तपकिरी कोट घातलेले एक म्हातारे गृहस्थ बसले होते. त्यांचा उजवा हात मांडीवर सारखा थरथरत होता आणि हातातला अर्ज फडफडत होता. त्यांनी अर्जात ‘भेटीचे कारण’ पुढे हात थरथरतो असं लिहिलं होतं, आणि खिडकीतल्या बाईंनी तो परत केला होता, कारण छापील यादीत नोकरी, परवाना, प्रवेश, भाडेकरार आणि विस्मरण एवढीच कारणं आहेत. आमचं कारण यादीत होतं. आम्हांला लगेच चौदा नंबर मिळाला. आपला अर्ज नीट भरलेला असला की सरकारी कामाला वेळ लागत नाही, हे मी आत्याला सांगितलं. ती ऐकत नव्हती. त्या गृहस्थांच्या कोटाची वरची दोन बटणं उघडी होती, ती लावून देत होती. मी तिला दंडाला धरून आत नेलं.

आत तपासणीची खुर्ची दाराकडे तोंड करून ठेवली आहे. दाराला वरच्या बाजूला काचेचा चौकोन आहे, म्हणजे बसणाऱ्याला कोंडल्यासारखं वाटत नाही. यंत्र चाकांच्या गाडीवर असतं. यंत्रचालक बाई स्वेटर विणत होत्या. त्यांनी एक हात मोकळा करून आत्याच्या डोक्यावर टोप चढवला. बाजूच्या टेबलावर मेंदूतज्ज्ञ डॉक्टर दाखल्यांवर शिक्के मारत होते. या गृहस्थांनी अठरा वर्षं अभ्यास केला आहे. दिवसाला दोनशे शिक्के मारून त्यांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा वर आला आहे. गुडघ्यावर मारायची त्यांची रबरी हातोडी आता कागद उडू नयेत म्हणून गठ्ठ्यावर ठेवलेली असते.

काटा हलला. बारावर गेला, वीसवर गेला, पन्नास ओलांडला आणि अठ्ठ्याऐंशीवर जाऊन थांबला. बाईंचा एक टाका सुटला.

डॉक्टरांनी शिक्का खाली ठेवला. “आजी, तुम्ही आत्ता काही विचार करत होतात का?”

“आजी कोणाला म्हणतोस? आणि विचार करायला बंदी आहे का?”

“बंदी नाही हो. पण प्रमाणात.” डॉक्टरांनी अहवालावर लाल शाईने लिहिलं : मेंदूचा अतिवापर.

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. आमच्या घराण्यात असं कधी घडलं नव्हतं. मी दबक्या आवाजात विचारलं, “डॉक्टर, यंत्रात काही बिघाड तर नाही?”

“यंत्र उत्तम आहे,” डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी दाराकडे पाहिलं आणि खुर्ची माझ्याजवळ ओढली. “यंत्र आलं तेव्हा सोबत पुस्तिका होती. चाळीस निरोगी, जागी, सामान्य माणसं बसवा आणि त्यांची सरासरी यंत्रात भरा, असं त्यात लिहिलं होतं. बाहेरून चाळीस माणसं आणायची तर वेगळी मंजुरी लागते. आमच्या साहेबांनी तोडगा काढला. ऑफिसातलीच चाळीस माणसं बसवली. दुपारी दोन ते चार. जेवण झाल्यावर.”

“मग?”

“मग अकरा ते चौदा आलं.”

“आणि ते आता सगळीकडे लागू आहे?”

“सगळीकडे. मी म्हटलं होतं की पुन्हा मोजू. साहेब म्हणाले, प्रमाण एकदा ठरलं की ठरलं, लोकांनी प्रमाणात बसायचं.”

डॉक्टर हे दुःखाने सांगत होते. माझा मात्र ऊर भरून आला. कुठली ती अनोळखी चाळीस माणसं, आणि त्यांच्या दुपारच्या दोन ते चारशी माझा मेंदू दशांश चिन्हापर्यंत जुळतो! याला जन्मजात गुण लागतात.

नियमाप्रमाणे आत्याला तीस दिवसांची मुदत मिळाली. तेवढ्यात मेंदू प्रमाणात आणायचा. नाही जमलं तर परवाना रद्द, हत्यारं जमा, आणि तिच्या वतीने सही करायला एक मेंदू-पालक नेमायचा. ‘पालकाचा मेंदू सामान्य असणे बंधनकारक.’ लॅमिनेट केलेल्या दाखल्याची प्रत माझ्या पिशवीत होतीच. मी ती नम्रपणे पुढे केली.

“हा?” आत्या ओरडली. “हा माझा पालक? ह्याला मी चालायला शिकवलंय! तेही दोनदा. मध्ये विसरला होता.”

बाहेर पडताना तिने बाकावरच्या गृहस्थांना पाण्याची बाटली उघडून दिली, ती त्यांच्या तोंडाशी धरली, आणि आमची बस चुकली.

घरी आल्यावर मी कामाला लागलो. कार्यालयाने एक पत्रक दिलं होतं, ‘मेंदू प्रमाणात आणण्याचे घरगुती उपाय’. पहिला उपाय फोनचा. फोन हातात घ्यावा आणि बोटाने वर सरकवत राहावं. पहिल्या अर्ध्या तासात फरक दिसतो. मी स्वतः करून दाखवलं. मला तर सात मिनिटांत फरक पडला, जेवायला हाक मारलेली ऐकू आली नाही. आत्याने फोन घेतला आणि तिसऱ्याच मिनिटाला कोणीतरी परदेशी माणूस कुलूप उघडून दाखवत होता तिथे अडकली. “अरे मेल्या, उलटा फिरवतोयस!” म्हणून ती फोनवर खेकसली. मग रात्रीच्या जेवणापर्यंत वही घेऊन त्याच्या चुका काढत बसली.

दुसरा उपाय टीव्हीवरच्या चर्चेचा. आठ चौकटींत आठ माणसं एकदम बोलतात, तेव्हा सामान्य मेंदू आपोआप मिटतो. आत्याचा मिटला नाही. तिने आठही जणांचं ऐकलं आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, “हा टक्कल पडलेला परवा नेमकं ह्याच्या उलट बोलत होता.” परवा कोण काय बोललं हे लक्षात ठेवणारी बाई मी पहिल्यांदाच पाहिली. मला तिची खरंच काळजी वाटायला लागली.

“तुम्ही तिला तुमच्या ऑफिसात का नेत नाही?” बायको म्हणाली. “दिवसभर तुमच्या शेजारी बसू दे. ह्या कामात तुमचा हात कोण धरणार?”

कौतुक क्वचित होतं, पण होतं तेव्हा मनापासून होतं. दुसऱ्या दिवशी मी आत्याला ऑफिसात नेलं. मी पाणीपुरवठा कार्यालयात आवक-जावक लिपिक आहे. मी तिला शेजारची खुर्ची दिली आणि काहीही न करता बसायला सांगितलं.

पंधरा मिनिटं ती बसली. मग म्हणाली, “हे पत्र तू आत घेतलंस. आता ते कुठे जाणार?”

“जावक. पलीकडच्या टेबलाला.”

“तो त्याचं काय करतो?”

“आवक.”

“आणि मग?”

“मग जावक. माझ्याकडे.”

आत्याने ते पत्र उचललं. पलीकडच्या गल्लीतल्या कोणाचं तरी होतं : आमच्या दाराशी नळाचा पाइप गळतो आहे. त्यावर माझ्या टेबलाचे आणि पलीकडच्या टेबलाचे मिळून एकशे बारा शिक्के होते. पत्र नऊ वर्षांचं झालं होतं. अंगाने चांगलं भरलं होतं. आत्याने पिशवीतून पाना काढला, पत्त्यावर गेली आणि जेवणाच्या सुट्टीच्या आत पाइप आवळून परत आली.

ऑफिसात हाहाकार झाला. तक्रार मिटलेलं पत्र कोणत्या रजिस्टरात लावायचं हे कोणालाच ठाऊक नव्हतं. तशी वेळच कधी आली नव्हती. हेडक्लार्क मला बाजूला घेऊन म्हणाले, “तुमच्या आत्या चांगल्या आहेत हो. पण त्यांना परत आणू नका.”

तिसावा दिवस उजाडला. आत्या रात्रभर झोपली नव्हती हे डोळ्यांवरून दिसत होतं. दुकानाचं शटर तिने स्वतः ओढलं, कुलूप लावलं आणि ते दोनदा ओढून पाहिलं. सेहेचाळीस वर्षांत तिला ते कधी दोनदा ओढताना मी पाहिलं नव्हतं.

“जमेल गं,” मी म्हटलं. “खुर्चीत बसलीस की माझा चेहरा डोळ्यांपुढे आण.”

“तोच आणणार आहे,” ती म्हणाली. “दुसरं काय आहे माझ्या हातात?”

कार्यालयात सगळं जिथल्या तिथे होतं. खिडक्या, व्हरांडा, बाक, बाकावर ते तपकिरी कोटवाले. या वेळी आमचा नंबर नऊ होता, म्हणजे प्रगती होती. नियमाप्रमाणे आत्याची हत्यारांची पिशवी आत नेताच टेबलाखाली जमा करून घेतली. अतिवापराच्या केसला साक्षीदार म्हणून साहेब स्वतः हजर राहतात. ते आले, आणि अधिकारी माणूस दार जसं लावतो तसं त्यांनी ते धाडकन लावलं. दाराची मूठ त्यांच्या हातात आली.

साहेबांनी मुठीकडे पाहिलं. मग दाराकडे. मग माझ्याकडे, जणू मीच काढून दिली होती.

“अडकलं,” आत्या खुर्चीतूनच म्हणाली. डोक्यावर टोप होता. “जीभ बाहेर राहिली असेल. जुनं कुलूप आहे, तेल घातलं नाही कोणी.”

साहेबांनी दार ठोठावलं. बाहेरून शिपायाचा आवाज आला, “खिडकी नंबर तीनला अर्ज द्या.”

“अरे, मी साहेब बोलतोय!”

“साहेब तपासणीला बसलेत. बारानंतर या.”

साहेबांना बारा वाजता वरिष्ठांची बैठक होती. त्यांच्या कपाळावर घाम आला. बाईंनी विणकाम पिशवीत टाकलं. डॉक्टर म्हणाले, “साहेब, खोलीत कुलूपवाल्या बाई आहेत की!”

“दोन मिनिटांचं काम आहे,” आत्या म्हणाली. “माझी पिशवी द्या.”

साहेब पिशवीकडे वाकले आणि तसेच वाकलेले थांबले. “यांचा परवाना?”

“आजच्या निकालापर्यंत स्थगित आहे,” मी सांगितलं. खरं ते सांगावंच लागतं.

“मग कसं जमेल? विनापरवाना व्यक्तीकडून सरकारी कुलूप उघडून घेतलं तर माझी चौकशी लागेल.”

“मग पालक सही करू शकतात,” बाई म्हणाल्या.

मी खिशातून पेन काढलं. पण पालकाच्या नेमणुकीचा फॉर्म खिडकी नंबर पाचवर मिळतो आणि खिडकी दाराच्या पलीकडे होती. मी पेन परत ठेवलं. तर एकूण परिस्थिती अशी झाली : दार उघडायला परवाना हवा, परवान्याला दाखला हवा, दाखल्याला आकडा हवा, आणि आकडा तर अठ्ठ्याऐंशी. मी काट्याकडे पाहिलं. तो आता एक्क्याण्णववर होता.

“त्यांना कुलूप नुसतं बघू द्या,” डॉक्टर म्हणाले. “बघायला परवाना लागत नाही.”

साहेबांनी विचार केला. “बघायला हरकत नाही. हातही लावा. पण उघडायचं नाही.”

टोप काढला तर तपासणी रद्द होते, म्हणून तो तसाच ठेवला. त्याची वायर दारापर्यंत पोचत नव्हती. मग साहेब, बाई आणि मी मिळून यंत्राची गाडी ढकलत दारापाशी नेली. एक चाक साहेबांच्या बुटावरून गेलं. आत्या दारापुढे गुडघ्यांवर बसली. तिने कुलपाला कान लावला, बोटांनी त्याची कड चाचपली, डॉक्टरांनी पुढे केलेल्या पिशवीतून एक बारीक तार घेऊन नुसती आत सरकवली. तिचा चेहरा एकदम सैल पडला. ती गुणगुणायला लागली.

“डॉक्टर,” बाई ओरडल्या, “काटा!”

काटा उतरत होता. सत्तर. चाळीस. वीस. तेरावर येऊन तो शहाण्यासारखा उभा राहिला.

“कोणी हलू नका,” डॉक्टर कुजबुजले. “छापा!”

यंत्रातून पट्टी बाहेर आली : तेरा, सामान्य. डॉक्टरांनी शिक्का मारला, साहेबांनी माझ्या पाठीवर कागद ठेवून साक्षीदार म्हणून सही केली, बाईंनी तारीख घातली. परवाना कायम झाला. “आता उघडा!” साहेब म्हणाले, आणि त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत दार उघडलंही. साहेब बैठकीकडे धावले. बाहेर जाताना त्यांनी मूठ माझ्या हातात दिली. ती अजून माझ्याकडे आहे, कारण जमा करून घेणारा रकाना नाही.

आत्याने टोप काढून डॉक्टरांच्या हातात दिला, ती उठली आणि चक्क हसली. दुकान वाचलं होतं. मीही हसलो, पालकपद गेल्याचं दुःख गिळून.

डॉक्टर मात्र पट्टी जमिनीवर पसरून तिच्यापुढे मांडी घालून बसले होते. “कामात तेरा,” ते स्वतःशी बोलत होते. “ते समजलं. जे काम हातात मुरलंय, तिथे मेंदूला फार धावपळ करावी लागत नाही. पण खुर्चीत नुसतं बसल्यावर एक्क्याण्णव? मागच्या वेळी अठ्ठ्याऐंशी? आत्याबाई, खुर्चीत बसून तुम्ही करत काय होतात?”

“बघत होते.”

“काय?”

“समोर काच, काचेच्या पलीकडे बाक, बाकावर तो माणूस. दुसरं आहे काय बघायला?” आत्याचा आवाज चढला. “महिन्यापूर्वी आले तेव्हा तो तिथेच, आज आले तर तिथेच. हात इतका हलतो की त्याला पाणी पिता येत नाही. मेंदूच्या डॉक्टरच्या दाराबाहेर मेंदूचा आजारी बसून राहतो, आणि आत तुम्ही माझं डोकं मोजताय! काटा चढणार नाही तर काय उतरेल?”

डॉक्टर हळूच उठले आणि त्यांनी काचेतून बाहेर पाहिलं. “हे आजारी आहेत?” ते म्हणाले. “मला वाटलं भाडेकरारवाले.”

“त्यांना नंबर नाही,” बाईंनी सांगितलं. “यादीत आजाराचं कारण नाही. तसा प्रस्ताव गेला आहे.”

“माझा नंबर आहे ना?” आत्या म्हणाली. “नऊ. माझं काम झालं. घ्या माझ्या नंबरावर.”

“तो परवान्याचा नंबर आहे.”

“मग परवानाच लिहा! स्वतःच्या कोटाची बटणं स्वतः लावायचा परवाना हवाय त्यांना.”

बाई छापील यादी काढेपर्यंत आत्याने म्हाताऱ्यांना हाताला धरून आत आणलंही होतं. डॉक्टरांनी गठ्ठ्यावरची हातोडी उचलली. दोनशे दाखले खोलीभर उडाले. एकही त्यांनी उचलला नाही. त्यांनी म्हाताऱ्यांचे गुडघे ठोकले, मनगट हलवून पाहिलं, बोट नाकाला लावायला सांगितलं, चार पावलं चालवलं, कागदावर नाव लिहायला लावलं. नाव मुंगीएवढं बारीक आलं. “अहो, हे तर आमचं अगदी जुनं ओळखीचं दुखणं!” डॉक्टर असे खूश झाले की जणू माहेरचं माणूस भेटावं. “याला गोळ्या आहेत. मुळापासून जाणार नाही, पण हात पुष्कळ थांबेल. तीन वर्षांत पहिला पेशंट!” हे बोलताना त्यांचे डोळे भरून आले. बाईंनी त्यांना रुमाल दिला आणि यंत्र बंद केलं, कारण टोप चुकून डॉक्टरांच्याच हातात राहिला होता आणि काटा कुठेतरी भलतीकडे गेला होता.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांना ‘कार्यालयीन वेळेत वैद्यकीय काम केल्याबद्दल’ कारणे दाखवा नोटीस मिळाली. त्यांनी ती लॅमिनेट केली म्हणे. आणि दीड-दोन महिन्यांनी तपकिरी कोटवाले आत्याच्या दुकानात किल्ली करून घ्यायला आले. कोटाची सगळी बटणं लावलेली होती. एक चुकीच्या काजात होतं, पण स्वतः लावलेलं होतं.

दार अडकलं त्या दिवशी घरी येऊन मी हा सगळा प्रकार बायकोला रंगवून सांगितला. मूठ, वायर, साहेबांचा बूट. ती हसली. मग तिने विचारलं, “तो माणूस तिथे किती दिवस बसला होता?”

“कोण?” मी म्हटलं.

तिने नुसतं कॅलेंडर उचललं आणि दाखल्यावर टांगलं.

ती तशीच आहे. पण तुमचं काय? मी काही लपवलं नव्हतं. तपकिरी कोटवाले पहिल्या दिवशी बाकावर होते, निघताना होते, महिन्याने होते, आणि त्यांच्या अर्जात काय लिहिलंय हेही मी तुम्हांला वाचून दाखवलं होतं. तुम्ही मात्र दुकानाचं काय होणार, दार कसं उघडणार, म्हणत पुढे सरकत राहिलात. या माणसाला कोणी आत का घेत नाही, असं आत्याने ओरडेपर्यंत एकदाही तुमच्या मनात आलं नसेल, तर काळजीचं कारण नाही. हार्दिक अभिनंदन. तुमचा मेंदू सामान्य आहे, त्यात विशेष असे काहीही नाही. दाखला खिडकी नंबर तीनवर मिळेल. येताना दोन फोटो आणा. बाकावर आता जागा आहे.